पस्तीस मिनिटांचं काम

"शिडी धर," हे म्हणाले.

मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी होते. आत भिंतीला शिडी टेकवलेली, तिच्या पायाशी हत्यारांची पिशवी आणि पिशवीशेजारी नव्या एक्झॉस्ट पंख्याचा खोका. खोक्यावरची धूळ यांनी हातानंच पुसली होती, बोटांचे फराटे त्यावर तसेच राहिले होते.

"मी आत नाही येणार," मी म्हटलं.

"फरशी गुळगुळीत आहे, रंजना. शिडी सरकली तर मी पडेन."

"मग वायरमन बोलवा. त्याचा माणूस धरेल शिडी."

"आपल्या घरात कधी वायरमन आलाय?"

नव्हता आला. आमचे हे, यशवंत बागूल, निफाडजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळायचे. द्राक्षांच्या पेट्या जिथे थंड करून ठेवतात, तिथली सगळी यंत्रं यांच्या हाताखाली. घरातली मोटर जळो, मिक्सर अडो, हे स्वतः उघडून बसायचे. घरच्या वायरीला दुसऱ्याचा हात लागलेला यांना खपायचा नाही. "जे मला येतं त्याला माणूस कशाला?" हे यांचं ठरलेलं वाक्य.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. नोव्हेंबरचा रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. त्या बाथरूममध्ये मी दहा महिने पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही दोघं मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करत होतो. बंबात पाणी तापवायचं आणि बादलीनं न्यायचं. त्याआधी जानेवारीत, संक्रांतीला चार दिवस असताना, आमची जागृती या बाथरूममध्ये आंघोळ करताना वारली होती. एकोणीस वर्षांची. एकुलती.

"थंडी पडायला लागली," हे शिडीवरून खाली न बघता म्हणाले. "तुझा खोकला ऐकतोय मी. या हिवाळ्यात उघड्यावर आंघोळ नाही करायची. पंखा बसवतो, मग विजेचा गिझर आणू. ये आत."

मी गेले. दाराची कडी अजून वाकडीच होती. त्या दिवशी यांनी खांदा मारून दार तोडलं होतं, नंतर दार बसवलं पण कडी तशीच राहिली. समोरच्या भिंतीत चार भोकं होती, स्क्रूची. तिथे गॅसचा गिझर होता. तिसऱ्याच दिवशी यांनी तो उतरवून भंगारात दिला होता. मी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि नजर यांच्या चपलांवर ठेवली.

यांनी मेन स्विच खाली केला, परत शिडीवर चढले आणि तरीही टेस्टर लावून बघितला. जुन्या पंख्याला पिन नव्हती. त्याची वायर सरळ भिंतीतल्या डबीत जोडलेली. डबीचं झाकण उघडून हे एकेक वायर सोडवायला लागले. काम करताना बोलायची यांची सवय होती. जागृती लहान असताना अशीच खाली उभी राहायची आणि हे वरून तिला सांगायचे. त्या दिवशीही बोलत होते, कुणाला सांगत होते कोण जाणे.

"ही तांबडी. हिला आधी मोकळी करायची. ही काळी. टेप किती कडक झालीय बघ. पक्कड दे."

मी पक्कड दिली.

जुना पंखा आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात अडकला होता. बटण दाबलं की नुसता हुं हुं आवाज करायचा, पातं हलायचं नाही. दसऱ्याला हे नाशिकहून नवा पंखा घेऊन आले. "या रविवारी बसवतो," म्हणाले. तो रविवार पाहुण्यांत गेला. मग दिवाळी आली. मग द्राक्षांचा हंगाम जवळ आला, कोल्ड स्टोरेजची मशीनं तपासायची होती, यांना रविवार राहिलेच नाहीत. खोका माळ्यावर गेला तो गेला. नव्या पंख्याच्या वॉरंटीचा कागद पंखा बसवायच्या दिवशीच मी पाहिला. एक वर्षाची होती. संपूनही महिना झाला होता.

चार बोल्ट सोडवून यांनी जुना पंखा ओढला. मातीचा लपका, कसली तरी पिसं, कोळ्याची जाळी, सगळं फरशीवर आलं. भिंतीत सहा इंचांचं गोल भोक उघडं पडलं आणि त्यातून पलीकडच्या आंब्याच्या झाडाचा तुकडा दिसला.

भोकाभोवती लोखंडी फ्रेम होती. त्या फ्रेमच्या कडेला खाकी टेपचे तुकडे चिकटलेले होते. द्राक्षांच्या पेट्यांना लावतात ती रुंद टेप. वरच्या बाजूला एक लांब पट्टी, खाली दोन लहान, फाटलेल्या.

मी ते पाहिले आणि माझ्या हातांतली शिडी हलली.

"नीट धर," हे म्हणाले. पिशवीतून पत्र्याची पट्टी काढली आणि टेप खरवडायला लागले.

तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. "काय चाललंय वहिनी? सकाळपासून ठोकाठोक ऐकू येतेय."

शेजारच्या मंदाताई कदम. हातात कढीपत्त्याची जुडी होती, म्हणजे यायला काहीतरी निमित्त. त्या बाथरूमच्या दारापर्यंत आल्या, वर बघितलं, कपाळाला हात लावला.

"नवा पंखा बसवताय होय. बरं केलं भाऊजी. घर आहे, वापरायलाच पाहिजे. किती दिवस असं." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पण खरं सांगू का, मला अजून कळत नाही. भोक तर मोकळंच होतं म्हणे. पंचनाम्यात तसंच लिहिलंय. हवा खेळती होती, मग पोरीचा श्वास कोंडला कसा? मी काही म्हणत नाही हो. लोक म्हणतात, पोरीनं काहीतरी घेतलं असणार. तो चांदोरीचा पोरगा दहाव्याला नदीवर किती रडत होता, सगळ्यांनी बघितलं. काहीतरी असल्याशिवाय…"

"मंदावहिनी," हे वरूनच म्हणाले, "आत्ता जा. काम चाललंय."

आवाज चढला नव्हता, पण मंदाताई लगेच गेल्या. कढीपत्ता ओट्यावर ठेवून गेल्या.

हे परत खरवडायला लागले. पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज त्या लहान खोलीत फार मोठा वाटत होता. टेपचे कण माझ्या केसांवर पडत होते.

"ती टेप मी लावली होती," मी म्हटलं.

हात थांबला नाही.

"ऐकलंत का? पेटीचा पुठ्ठा कापून बंद पंख्यावरून लावला, मी ते भोक बंद केलं होतं. डिसेंबरात, थंडी वाढली तेव्हा. तुम्ही कामावर होता."

"माहीत आहे मला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय माहीत आहे?"

यांनी पट्टी शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवली. "पुठ्ठा मीच काढला. दार तोडून आत आलो, ती खाली पडली होती. पाणी चालू होतं. वर बघितलं तर भोक बंद. आधी हात वर करून तो पुठ्ठा ओढला, हवा येऊ दे म्हणून. मग तिला उचललं."

"आणि मग?"

"मग काय. दवाखान्यातून परत आलो तर तो तिथेच पडलेला, दारामागे. भिजलेला. तू बाहेर बायकांमध्ये होतीस. मी तो घेतला आणि बंबात घातला. पोलीस आले तेव्हा त्यांना सांगितलं, भोक मोकळंच असतं आमचं. त्यांनी वर बघितलं, लिहून घेतलं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. गॅसचा गिझर पेटला की खोलीतली हवा खातो, आणि हवा कमी पडली की त्याचा विषारी वायू होतो. त्याला वास नसतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप आल्यासारखं होतं. पण कागदावर शेवटी 'श्वास कोंडून मृत्यू' एवढंच आलं. त्याचं कारण नक्की लिहिलेलं नव्हतं. आणि पंचनाम्यात भोक मोकळं होतं. पोलिसांनी अपघाती म्हणून कागद बंद केला, पण गल्लीनं केला नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मीही दारातून वर बघितलं होतं. पुठ्ठा नव्हता. दार तोडण्याच्या गडबडीत कुणी काढला असेल, पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प बसले. आधी भीतीनं, नंतर सवयीनं.

"मला विचारलं का नाहीत?" मी म्हटलं.

"काय विचारायचं होतं?"

"का लावलास म्हणून."

"थंडी होती म्हणून लावलास. त्यात विचारायचं काय."

"तिनं सांगितलं नव्हतं हो. तिनं कधीच म्हटलं नाही की वारा लागतो म्हणून. मलाच वाटलं. सकाळी सहाला आंघोळ करते, ओल्या अंगाला गार वारा बाधेल." मी थांबले नाही. एकदा तोंड उघडलं होतं. "आणि जायच्या तीन दिवस आधी मला म्हणाली होती, आई, आंघोळ केली की डोकं जड होतं. मी म्हटलं, उपाशीपोटी जातेस म्हणून होतं. दूध पिऊन जात जा."

हे शिडीवर वळले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "हे मला नाही बोललीस."

"नाही."

"तिनं मला सांगितलं असतं तर मला कळलं असतं."

"हो."

यांनी मान फिरवली. त्या गोल भोकातून बाहेर बघायला लागले. मला वाटलं आता खाली उतरतील, काहीतरी बोलतील, मारतीलसुद्धा. यांनी कधी माझ्यावर हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी कुणाला कळू दिलं नाही," शेवटी हे म्हणाले, "कारण तुझ्यावर आलं असतं. चौकशी झाली असती. नाही झाली तरी लोकांनी तुला जगू दिलं नसतं. आईनंच भोक बुजवलं, असं म्हटलं असतं."

"आणि तिच्यावर जे आलं ते?"

"तिला आता काय लागणार होतं, रंजना. तू तर जिवंत होतीस."

 पण त्यातलं एक मला माहीत होतं आणि यांना माहीत नव्हतं. गल्लीतली ती कुजबूज मला नुसती ऐकू येत नव्हती, ती मला हवी होती. पोरीनं काही घेतलं असेल, कुणा मुलामुळे घेतलं असेल, असं कुणी म्हणालं की मी रडायचे, पण आत कुठेतरी हलकं वाटायचं. तसं असेल तर मग पुठ्ठ्यामुळे नाही. तो मुलगा दहाव्याला रडला, हे मी स्वतः दोन बायकांना सांगितलं होतं. कुणी विचारलेलं नसताना. त्यातून तुषार टर्ले हे नाव गावभर झालं आणि फेब्रुवारीत त्याच्या बापानं त्याला कॉलेजातून काढून सुरतेला मामाकडे पाठवलं, हेही मला मंदाताईंकडून कळलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, "बघा, म्हणजे काहीतरी असणारच."

हे मी यांना सांगितलं. शिडी धरून, खाली बघत, सगळं सांगितलं.

यांनी ऐकलं. मग म्हणाले, "नवा पंखा दे वर."

मी खोका उघडून पंखा दिला. यांनी तो फ्रेममध्ये बसवला, चार बोल्ट आवळले. तांबडीला तांबडी, काळीला काळी, आणि हिरवी वायर डबीतल्या स्क्रूला. प्रत्येक जोडावर टेप गुंडाळली, डबीचं झाकण लावलं. हात नेहमीसारखेच चालत होते, कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. खाली उतरून मेन स्विच वर केला आणि बाथरूमचं बटण दाबलं.

पंखा एकदम फिरायला लागला. फरशीवरची पिसं आणि धूळ उठून वर निघाली. भिंतीवरची कोळ्याची जाळी भोकाच्या दिशेनं ताणली गेली.

यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"दहाला हात घातला होता," हे म्हणाले. "मंदावहिनी आल्या तो वेळ सोड. आपण बोललो तो सोड." ओठ हलवत हिशेब केल्यासारखं केलं. "पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटांचं काम होतं गं."

मग हे शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेतलं. जागृतीला चितेवर ठेवताना हे रडले नव्हते, तेराव्यालाही नाही. मला यांचं रडणं माहीतच नव्हतं. मोठा आवाज नव्हता, नुसता श्वास अडत अडत येत होता. मी जवळ बसले. हात लावायचा धीर झाला नाही. आमच्या दोघांच्या डोक्यावर तो पंखा नव्या कोऱ्या आवाजात फिरत होता.

दुपार व्हायला आली तेव्हा मी उठले आणि पदर नीट केला.

"कुठे?" हे म्हणाले.

"मंदाताईंकडे. आणि मग चांदोरीला."

"आता काय उपयोग. सगळं परत उकरून निघेल."

"निघू द्या."

"तुला जगू देणार नाहीत."

"दहा महिने कुठे जगतेय मी."

मंदाताई भाकरी थापत होत्या. मी दारातच उभी राहून सांगितलं. "ते भोक मोकळं नव्हतं. मी पुठ्ठा लावून बुजवलं होतं. पोरीनं काही घेतलं नाही, कुठला मुलगा नव्हता. माझ्या हातानं झालं."

त्यांच्या हातातली भाकरी तुटली. त्या म्हणाल्या, "वहिनी, हे तुम्ही कशाला सांगितलं मला?"

"तुम्ही सगळ्यांना सांगाल म्हणून."

मी हे टोचून म्हटलं नव्हतं. खरंच तसंच वाटत होतं. आणि त्यांनी सांगितलंही. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. जागृतीविषयी बोलणं थांबलं ते कायमचं. माझ्याविषयी सुरू झालं, ते पुढे चार-पाच वर्षं चाललं. हळदीकुंकवाला मला बोलावणं यायचं बंद झालं. यांच्या बहिणीनं आमच्याकडे येणं सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यातही जाऊन जबाब दिला. तिथल्या साहेबांनी तो लिहून घेतला, पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं. पुढे काही झालं नाही. मला वाटत होतं काहीतरी व्हावं.

पण ते नंतरचं. त्या रविवारी आम्ही यांच्या मोटरसायकलवरून चांदोरीला गेलो. टर्ल्यांचं घर मळ्यात होतं. तुषार नुकताच दिवाळीसाठी सुरतेहून आला होता, परत जायचा होता. त्याचे वडील ओट्यावर बसून द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीला तेल घालत होते. आम्हाला बघून उठले नाहीत.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पुठ्ठा, टेप, पंचनामा. तुमच्या मुलाचं नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून गेलं, तेही.

ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग कात्री खाली ठेवली.

"दहा महिने," ते म्हणाले. "पोरगा पहिल्या वर्षाला वर्गात दुसरा आला होता. सुरतेला साड्यांच्या गोदामात गाठोडी उचलतोय. आमच्या दारात लोक येऊन विचारून गेले, तुमच्या पोरानं तिला काय केलं म्हणून. त्याची आई अंथरुणाला लागली. आणि तुम्ही आज येताय."

"चुकलं आमचं," हे म्हणाले.

"तुमची पोर गेली म्हणून काही बोलत नाही. या आता."

आम्ही वळलो. बांधावरून मोटरसायकलपर्यंत आलो तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. तुषार होता. दहाव्याला पाहिला होता त्यापेक्षा खूप वाळलेला. घरातून त्यानं सगळं ऐकलं होतं. पुढे जूनमध्ये तो परत कॉलेजात गेला, शिकला, आता पुण्याला एका प्रयोगशाळेत आहे, हे मला लोकांकडून कळत राहिलं. त्या दिवशी मात्र तो आमच्यासमोर उभा राहिला.

"काकू, आमच्यात तसं काही नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे रे."

"कॉलेजला जाताना बसमध्ये बोलायचो फक्त. ती निफाडपासून बसून यायची, मी इथे चढायचो. तिच्या शेजारची जागा ती माझ्यासाठी ठेवायची. वह्या ठेवून." तो थांबला. "सकाळची बस, एवढी थंडी, सगळे कुडकुडत असायचे, आणि ही काच उघडी ठेवायची. मागचे लोक ओरडायचे. मी काच लावून घेतली की ही परत सरकवायची. मी म्हणायचो, आजारी पडशील. तर म्हणायची, मला तोंडावर वारा लागल्याशिवाय बरंच वाटत नाही."

हे सांगताना त्याला किंचित हसू आलं, मग ते गेलं. त्यानं वाकून आम्हा दोघांच्या पायांना हात लावला आणि तो मळ्याकडे परत गेला.

यांनी गाडी चालू केली. मी मागे बसले. चांदोरीच्या पुलावर आलो तेव्हा नदीवरून गार वारा येत होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. मी यांच्या खांद्याशी तोंड नेलं.

"तुम्हाला माहीत होतं का?" मी विचारलं. "तिला वारा आवडायचा ते?"

 पूल संपला, उसाची शेतं लागली, गाडी तशीच चालत होती. निफाडची पाटी दिसायला लागली तेव्हा यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि हँडल धरून समोर बघत बसले.

"नाही," हे म्हणाले.